उलट्या अर्थिंगची गाडी

गिऱ्हाइकाच्या गाडीत शिरण्याआधी ते चपला काढत. दाराशी जोडीनं ठेवत आणि मग अंग दुमडून डॅशबोर्डखाली जात. जिथं फरशी काळ्या ऑइलनं माखलेली आणि जिकडेतिकडे पत्र्याचा कीस पडलेला, अशा गॅरेजात चपला काढणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मीही त्याआधी पाहिला नव्हता. गॅरेजचे मालक, आमचे शेठ, वैतागायचे.

"काय रे नाखवा, देवळात चाललास का?"

"परक्याचं घर हाय, शेठ," एवढंच उत्तर यायचं. तेही आतून, डॅशबोर्डखालून.

नाखवा हे त्यांचं नाव नव्हे. ते वेसाव्याच्या कोळीवाड्यातले, म्हणून कुणीतरी चेष्टेत ठेवलेलं. नाखवा म्हणजे होडीचा मालक, समुद्रावर हुकूम चालवणारा. आणि आमच्या या नाखवांना समुद्र बाधायचा! होडी जरा बाहेर पडली की पोटात ढवळायला लागे. अख्खं घर मासेमारीवर जगणारं आणि हा थोरला मुलगा होडीच्या काठाला धरून ओकतोय, हे दृश्य वाड्यात बरीच वर्षं हसण्याचा विषय होतं. त्यामुळे ते लहानपणापासून किनाऱ्यावरच राहिले. म्हाताऱ्यांच्या आणि बायकांच्या घोळक्यात बसून फाटकी जाळी दुरुस्त करत. पुढे रेडिओ दुरुस्तीच्या एका दुकानात शिकले आणि गाड्यांच्या रेडिओकडे वळले.

"दर्याला मी आवडलो नाय," ते सांगायचे. "जबरदस्ती कशी करायची?"

मी बाविसाव्या वर्षी त्या गॅरेजात लागले. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर, साकीनाक्याच्या अलीकडे, पत्र्याच्या दोन शेड आणि काचेची एक खोली. त्या खोलीत बसून मी कार्डं लिहायची. गाडीचा नंबर, मालक, काय काम करायचं, कधी न्यायला येणार. वाकोल्याहून बसनं येणारी, साडी नेसणारी, अशी गॅरेजात मी एकटीच. वडिलांची गिरणीतली नोकरी छातीच्या दुखण्यानं सुटली होती आणि घरात कमावणारी मीच होते. पहिल्या आठवड्यात मेकॅनिक लोक मी दिसले की एकदम गप्प व्हायचे, नाहीतर एकदम मोठ्यानं बोलायचे. नाखवांनी दोन्ही केलं नाही. ते काचेपाशी आले, माझं लिहिणं बघितलं आणि म्हणाले, "अक्षर चांगलं हाय गो बाय. आता यात एक रकाना वाढव. वर लिव, बॉडीला."

हा रकाना काय, ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. गाडीच्या बॅटरीला दोन टोकं असतात. त्यातलं एक गाडीच्या लोखंडी बॉडीला जोडलेलं असतं. नव्या गाड्यांत निगेटिव्ह टोक बॉडीला असे, पण जुन्या गाड्यांपैकी कितीतरींना पॉझिटिव्ह. त्यांना आम्ही उलट्या अर्थिंगच्या गाड्या म्हणायचो. कंपनीनं बसवलेला जुना रेडिओ त्या गाडीच्या हिशेबानंच बनवलेला असायचा. लोकांना मात्र आता तो नको होता. एकच स्पीकर, चालू केल्यावर तापायला वेळ, गाण्यापेक्षा खरखर जास्त. कुणाचा भाऊ बोटीवर असे, कुणाचा मेहुणा परदेशात. तो येताना कॅसेटचा स्टिरिओ आणायचा आणि मग मालक तो कापडात गुंडाळून, तान्ह्या मुलासारखा छातीशी धरून आमच्याकडे यायचा. ही परदेशी मशिनं निगेटिव्ह बॉडीची. उलट्या गाडीत ती तशीच जोडली तर क्षणात जळणार.

म्हणून तो रकाना. तरी नाखवा माझ्या कार्डावर कधीच विसंबत नसत. दर गाडीला स्वतः मीटर लावून बघत. मला जरा राग यायचा.

"मी लिहिलंय ना नाखवा?"

"तुजा कागद बरोबरच असंल. पन मीटर बघितला का मना बरं वाटतं."

काम मात्र असं करायचे की बघत राहावं. आधी पुठ्ठा कापायचे, तो दाराला लावून बघायचे, पुन्हा कापायचे, आणि मग कुठे पत्र्याला हात. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की त्यांचं ठरलेलं वाक्य येई, "सावकाश, गाडी काय पलून जात नाय." आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानातही येत नसे. आम्ही हसायचो तेव्हा ते आमच्याकडे गोंधळून बघायचे.

बहात्तर की त्र्याहत्तर साल असेल. लग्नसराई होती. सकाळी दहाच्या सुमाराला घाटकोपरचे एक कंत्राटदार आपली जुनी अँबॅसिडर घेऊन आले. धिप्पाड माणूस, आवाज कमावलेला. बहिणीचं त्याच दिवशी संध्याकाळी लग्न. वरात याच गाडीतून निघायची होती आणि त्याआधी गाडीत नवा स्टिरिओ बसायला हवा होता. स्टिरिओ आदल्याच दिवशी हाती पडलेला. चार वाजता गाडी न्यायला येतो म्हणाले. निघताना त्यांनी एक कॅसेट स्वतःच्या हातानं मशिनमध्ये सरकवली.

"हीच लावून बघा. आमच्याकडे दुसरी आहे कुठे? पण जपून हं."

शेठनी माझ्याकडे बघून चुटकी वाजवली. "कार्ड, कार्ड! लवकर!"

ड्रायव्हर चहाला गेला होता. बॅटरीचं त्याला विचारायला हवं होतं. त्या आठवड्यात आलेल्या पाचही गाड्या निगेटिव्हच्या होत्या. मी हात न थांबवता लिहून टाकलं, बॉडीला: निगेटिव्ह. लिहिताना मनात शंकासुद्धा आली नाही. हे मी आज सांगते आहे, पण त्या दिवशी मला ते सांगायला फार वेळ लागला.

जुना रेडिओ निघाला, मागच्या बाजूला दोन स्पीकर बसले. बाराच्या सुमाराला नाखवा डॅशबोर्डखाली पाठीवर आडवे होते, दोन्ही हातांत तारा धरलेल्या. शेठ दर पाच मिनिटांनी येऊन बॉनेटवर हात आपटत होते. मीटर टेबलावर होता, चार पावलांवर. मी कार्ड घेऊन गाडीशी उभी होते.

"बाय, बॉडीला काय हाय?"

"निगेटिव्ह."

ते क्षणभर थांबले. मी ते थांबणं पाहिलं. त्यांची नजर टेबलावरच्या मीटरकडे गेली, मग माझ्याकडे आली. तेवढ्यात शेठ ओरडले, "अरे झालं की नाही?" आणि नाखवांनी तारा जोडल्या.

मशिनमधून आधी एक विचित्र किरकिर आली. मोटर उलटी फिरली होती. मग फट् असा बारीक आवाज, आणि पुढच्या फटीतून धुराची एक रेघ वर आली. जळक्या बेकलाइटचा वास. नाखवांनी तार खेचून तोडली. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. ते बॅटरीकडे गेले, मीटर लावला, काटा बघितला. मग माझ्या हातातलं कार्ड घेतलं, वाचलं, चौघडी करून खिशात ठेवलं.

 

कंत्राटदार चारला यायचे ते साडेबारालाच आले. घरी राहवलं नसेल. शेडमध्ये येताच त्यांना वास आला.

"काय झालं?"

त्यांनी खाली वाकून बघितलं. मशिनच्या तोंडातून कॅसेटची तपकिरी पट्टी गुंतवळासारखी बाहेर लोंबत होती. ते पाहताच त्या माणसाचा चेहरा असा झाला की शेठही दोन पावलं मागे सरकले.

"ती कॅसेट..." ते म्हणाले, आणि नाखवांची कॉलर त्यांच्या मुठीत आली. "माझ्या धाकट्या भावाचा आवाज आहे तिच्यात! बोटीवर आहे तो. लग्नाला येता येत नाही म्हणून बहिणीसाठी बोलून पाठवलंय त्यानं. वरात निघताना लावायची म्हणून पत्रात लिहिलंय. अजून आम्हीपण ऐकलं नाही!"

"मीटर का नाही लावलास?" शेठ मागून ओरडले. "रोज लावतोस, आज काय झालं?"

मला वाटलं, आता ते खिशातला कागद काढणार.

"नाय लावला," नाखवा म्हणाले. "माजी चूक झाली."

मी तिथंच होते. तीन हातांवर. मी काही बोलले नाही. डोळ्यांसमोर वाकोल्याची खोली होती, वडिलांची औषधाची बाटली होती, हे सगळं खरं आहे. पण खरं हेही आहे की मी घाबरले होते आणि गप्प राहणं सोपं होतं.

कंत्राटदारांनी कॉलर सोडली आणि ते पट्टी ओढायला पुढे झाले. टेबलावरची कात्री त्यांनी कधी उचलली ते कळलंच नाही. "कापून काढतो, उरेल तेवढी तरी..."

"कात्री खाली ठेवा."

नाखवांचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचा ऐकला.

"कापली का गेली ती. मना एक तास द्या. हात नका लावू कुनी."

त्यांनी मशिन उचलून दारापाशी उजेडात नेलं, झाकण उघडलं आणि मांडी घालून बसले. पट्टी आतल्या दांड्याभोवती घट्ट आवळली गेली होती, केसाहून बारीक वेढे, एकावर एक. कंत्राटदार स्टूल ओढून समोर बसले, गुडघ्यावर मुठी. पलीकडच्या गाडीखालचे दोन मेकॅनिकही ठोकाठोक बंद करून उभे राहिले. नाखवांनी बांबूची एक पातळ काडी तासून घेतली आणि तिच्या टोकानं एकेक वेढा सैल करायला लागले. ओढत नव्हते. एक वेढा उचलायचा, फुंकर मारायची, पुढचा. ती बोटं जाळी सोडवायला बसलेल्या माणसाची होती. वाड्यात ज्या कामावरून लोक त्यांना हसले होते, तेच काम ते त्या दुपारी करत होते.

मधेच पट्टी एका ठिकाणी ताणली. कंत्राटदार ताडकन उठले. नाखवांनी मान वर केली नाही.

"बसा. तुटली नाय."

सव्वा तासानं पट्टी सुटली. हातभर भागाला सुरकुत्या पडल्या होत्या, पण तुकडा झाला नव्हता. त्यांनी ती मऊ फडक्यावरून अलगद फिरवली आणि पेन्सिल घालून कॅसेटमध्ये गुंडाळली. मग मशिन तपासलं. मोटर शाबूत होती, पण डाव्या बाजूचे दोन पॉवर ट्रान्झिस्टर आणि एक कंडेन्सर गेला होता. शेठनी कपाळावर हात मारला. तसले ट्रान्झिस्टर आणायचे तर शहरात जायला हवं, तिथंही मिळतील याचा भरवसा नाही, आणि दोन वाजत आले होते.

"माज्या घरी हायत," नाखवा म्हणाले.

त्यांनी वाड्यातल्या हळदी-लग्नांसाठी स्वतः एक ॲम्प्लिफायर बनवला होता. जमवाजमव करत त्याला दोन वर्षं लागली होती, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, कारण त्या दोन वर्षांत ते दुसरं काही बोललेच नव्हते. कंत्राटदार म्हणाले, "मी येतो बरोबर," आणि दोघं टॅक्सीत बसून वेसाव्याला गेले. सोबत म्हणून नव्हे, हा माणूस पळून जाईल या भीतीनं ते गेले होते.

तो तासभर मी काचेच्या खोलीत बसून होते. समोर कोरी कार्डं. शेठ फोनवर कुणाला तरी सांगत होते, "माणूस चांगला आहे हो, पण आज वाट लावली." मी उठून त्यांच्यापुढे जावं असं दहा वेळा ठरवलं आणि दहा वेळा खुर्ची सोडली नाही.

ते परतले तेव्हा कंत्राटदारांची चर्या जरा बदललेली होती. तिथं काय झालं ते मला नंतर कंत्राटदारांकडूनच समजलं. नाखवांनी घरात जाऊन ॲम्प्लिफायर उघडला तेव्हा त्यांच्या बायकोनं एवढंच विचारलं, "परवाच्या हळदीला काय लावनार?" आणि ते म्हणाले, "तोंडानं गातील."

सव्वातीन. साडेतीन. सोल्डरिंगचा धूर, राळेचा वास. मग त्यांनी मशिनच्या खाली लाकडी फळी घातली, चारी बाजूंनी रबर लावलं. मशिनचा पत्रा गाडीच्या पत्र्याला कुठंही शिवता कामा नये, उलट्या गाडीत बसवायची हीच एक रीत. सगळं जागेवर बसल्यावर त्यांनी मला हाक मारली.

"बाय, मीटर घे. तू लाव."

त्यांनी वायरी कुठं टेकवायच्या ते बोटानं दाखवलं.

"बॉडीला काय हाय?"

"पॉझिटिव्ह," मी म्हटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि काटा नीट दिसत नव्हता, म्हणून मी परत बघितलं. "पॉझिटिव्ह, नाखवा."

"आता बरोबर."

त्यांनी तारा जोडल्या. कॅसेट घातली. कंत्राटदारांनी डोळे मिटून घेतले. आधी नुसतीच सरसर, मग आवाज जणू पाण्याखालून यावा तसा दबला, लांबला आणि अचानक स्वच्छ झाला. एका तरुण मुलाचा आवाज, दोन्ही बाजूंच्या स्पीकरमधून, गाडीभर.

"बेबीताई, मी बोलतोय गं..."

कंत्राटदारांनी झटकन हात पुढे करून बटण बंद केलं.

"बास," ते म्हणाले. "आधी तिनं ऐकायचं."

चार वाजून दहा मिनिटांनी गाडी गेली. जाताना त्या धिप्पाड माणसानं नाखवांची दुपारी चुरगळलेली कॉलर दोन्ही हातांनी सारखी केली. माफीबिफी काही म्हणाले नाहीत.

गाडी दिसेनाशी झाल्यावर मी शेठपुढे गेले आणि सांगितलं. कार्ड मी न विचारता भरलं होतं, चूक माझी होती. सगळं निभावून गेल्यावर सांगितलं, हेही मला माहीत होतं. शेठनी माझ्याकडे आणि नाखवांकडे आळीपाळीनं बघितलं.

"कार्ड म्हणजे कागद आहे," ते म्हणाले. "मीटर कुणाच्या हातात होता?"

नाखवा बाहेर नळावर हात धूत होते. मी जवळ गेले तशी रागानंच म्हणाले, "आता कशाला बोललीस? मी गप ऱ्हायलो ते काय उगाच?" आणि मग, जरा वेळानं, साबण चोळता चोळता, "बोललीस ते बरं केलंस. मना तुजी काळजी लागून ऱ्हायली होती."

महिना संपल्यावर शेठनी त्यांना काढलं. परदेशी मशिन जाळलं हा बोभाटा आसपासच्या सगळ्या गॅरेजांत झाला होता, गिऱ्हाइकं विचारायला लागली होती. मशिन पुन्हा चालू झालं, ते मात्र कुणी विचारत नव्हतं. मी नोकरी सोडते म्हटलं, तर नाखवांनी मला काचेच्या खोलीत शिरून दटावलं. "तू सोडलीस तर माजं काम परत येनार हाय का? घरी बापूस आजारी हाय तुजा. बस गप." मी बसले. अजून दोन वर्षं बसले. त्यांच्या जागी आलेला माणूस हुशार होता, झटपट काम करायचा. बॉडीचा रकाना मी दर गाडीच्या बॅटरीशी स्वतः जाऊन, मीटर लावून भरत असे. तो माणूस हसायचा.

नाखवांनी घराच्या ओट्यावरच रेडिओ दुरुस्ती सुरू केली होती. मी अधूनमधून जायची. त्यांची बायको मला कोलंबी खायला घातल्याशिवाय सोडत नसे. त्या दिवसाचा विषय आमच्यात परत निघाला नाही. मला काढायचा असे, पण ते लगेच एखादा रेडिओ पुढे करायचे आणि म्हणायचे, "हा ऐक गो, याला काय झालंय सांग." मी उगाच काहीतरी सांगायची आणि ते मनापासून हसायचे.

बँकेत नोकरी लागल्याचं पत्र आलं तेव्हा पहिल्यांदा त्यांनाच सांगायचं म्हणून मी पेढे घेऊन गेले. दुपारची वेळ होती. ते ओट्यावर भिंतीला टेकून झोपले होते, पाय लांब केलेले, तोंड किंचित उघडं. दुरुस्त केलेले चार-पाच रेडिओ टिकतात की नाही हे बघायला त्यांनी चालू ठेवले होते. हलक्या आवाजात एकावर बातम्या, एकावर भजन, एकावर कुणीतरी शेतीची माहिती सांगतंय. त्या सगळ्या कलकलाटात ते गाढ झोपले होते. बायको म्हणाली, "उठवू का गो?"

मी नको म्हटलं. पेढे तिच्या हातात दिले. थोडा वेळ समोरच्या पायरीवर बसून राहिले, काय काय सांगायचं ते मनात जुळवत. एका रेडिओचा आवाज मधेच खरखरला आणि झोपेतच त्यांच्या कपाळाला आठी पडली. तो आपोआप सुधारला, तशी आठी गेली. बँकेत रुजू झाल्यावर सावकाश येऊ, असं म्हणून मी उठले.

शुक्रवारी सकाळी ते गेले. मला कळलं ते सोमवारी, बँकेतल्या माझ्या पहिल्या दिवशी.